घरच्या घरी प्लायची होडी: टाके घालण्यापासून फायबर चढवण्यापर्यंत

पहिली होडी छोटी, साधी आणि सपाट तळाची असावी. पुढचं सगळं साधारण ३.६ मीटर लांब, तळाशी ९० सेंटिमीटर आणि काठाशी सव्वा मीटर रुंद अशा वल्ह्याच्या होडीला धरून लिहिलं आहे. तिचे मुख्य तुकडे चारच: तळ, दोन बाजू आणि मागची फळी. मोठी होडी घेतली तरी पायऱ्या त्याच राहतात, फक्त चुका महाग पडतात.

जुन्या पद्धतीत आधी कणा, मग फासळ्या आणि मग त्यांच्यावर फळ्या असा क्रम असतो. त्याला सुतारकामाचा मुरलेला हात लागतो. घरी बांधणाऱ्यासाठी सोपी वाट म्हणजे शिवणकामाची. प्लायचे तुकडे कडेला भोकं पाडून तारेने एकमेकांना शिवायचे, आतल्या कोनांत इपॉक्सीच्या पुट्टीचे ठिपके ठेवून तारा काढून टाकायच्या, मग कोन पुट्टीने पूर्ण भरून तिच्यावर फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, पट्टी बसवायची आणि शेवटी बाहेरून पूर्ण होडीवर फायबरचं कापड चढवायचं. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव एकत्र कालवले की कडक होणारा चिकटा. १९६० च्या दशकात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या छोट्या होडीने ही पद्धत घराघरांत नेली. त्या एका आराखड्याच्या सत्तर हजारांहून जास्त होड्या बनल्या, त्यातल्या कितीतरी हौशी हातांनी.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. या होडीत ताण लाकूड घेतं, कापड ओरखडे आणि ठोकर झेलतं आणि रेझिन त्या दोघांना धरून ठेवतं. रेझिन हा मजबुतीचा साठा नाही. नवखा माणूस ‘आणखी थोडं ओतू, पक्कं होईल’ म्हणून ओतत जातो आणि होडी जड, ठिसूळ आणि घासायला त्रासदायक होऊन बसते. कापड पूर्ण भिजेल इतकंच रेझिन हवं, त्याच्या वर एक थेंबही नको. निम्मं कसब यातच आहे.

सामान आणि मापं

प्लाय मरीन दर्जाचाच घ्या. बीएस १०८८ (ब्रिटिश मानक) किंवा आयएस ७१० (भारतीय मानक) असा शिक्का असला तरी कापलेली कड डोळ्यांनी तपासा. मधल्या थरांत पोकळी दिसली तर तो तक्ता परत करा. पोकळीत पाणी साठतं, लाकूड आतून कुजतं आणि बाहेरचं फायबर चकचकीतच राहतं, त्यामुळे उशिरापर्यंत पत्ता लागत नाही. खात्री करायची तर एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर तो प्लाय होडीचा नव्हे.

जाडी ६ मिलिमीटर. २४४० × १२२० मिलिमीटरचे ४ तक्ते पुरतात: दोन जोडून त्यातून तळ, दोन जोडून त्यातून दोन्ही बाजू, आणि उरलेल्यातून मागची फळी व बाकं. हलक्या ओकुमे लाकडाचा असा तक्ता ९ किलोच्या आसपास भरतो, जड जातीच्या लाकडाचा १२ किलोच्या पुढे जातो. हलका प्लाय वापरला तर रिकामी होडी ५० किलोच्या आसपास राहते आणि दोघांना उचलता येते.

रेझिन इपॉक्सीच घ्या. पॉलिस्टर स्वस्त असतं, पण लाकडाला ते नीट धरत नाही. दोन-तीन वर्षं ऊन-पाणी खाल्लं की पापुद्र्यासारखं सुटून येतं आणि मधल्या फटीत पाणी शिरतं. साच्यातून काढलेल्या पूर्ण फायबरच्या होडीला पॉलिस्टर ठीक आहे, प्लायच्या होडीला नाही. त्यातूनही पॉलिस्टर वापरणारच असाल तर एक धोका लक्षात ठेवा: एमईकेपी हा त्याचा हार्डनर आणि कोबाल्ट हा वेग वाढवणारा द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर त्यानंतर.

या मापाच्या होडीला हार्डनर धरून सुमारे ११ किलो इपॉक्सी लागतं. बाहेरचं क्षेत्रफळ साधारण सव्वासहा चौरस मीटर आहे. त्यावर लाकूड बंद करणारा पहिला हात चौरस मीटरला ११० ग्रॅम, कापड भिजवायला २५० ग्रॅम आणि विण बुजवणारे तीन हात प्रत्येकी ११० ग्रॅम. एवढ्यातच सव्वाचार किलोच्या वर संपतं. उरलेलं आतले हात, पुट्टी, पट्ट्या, बाकं आणि वाया जाणारं मिळून जातं. वाया जाणारं १० ते १५ टक्के धरा, पहिल्या वेळी ते होतंच.

कापड २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, साध्या विणीचं, १.२७ मीटर पन्ह्याचं १३ मीटर. ते इपॉक्सीला चालणाऱ्या प्रक्रियेचं आहे ना, हे विकत घेताना विचारा. तुटक धाग्यांची चटई, म्हणजे चॉप्ड स्ट्रँड मॅट, घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मग चटई ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि रेझिन मात्र भरमसाट पिते. सांध्यांसाठी ७५ मिलिमीटर रुंदीची बायअ‍ॅक्सियल पट्टी ३० मीटर. तिचे धागे सांध्याला ४५ अंशात जातात, त्यामुळे सगळेच धागे सांधा ओढून धरतात. साध्या पट्टीत निम्मे धागे सांध्याला समांतर पडून नुसते बसून असतात.

बाकी सामान: पुट्टीसाठी बारीक लाकडाचा भुगा आणि कोलॉइडल सिलिका (रेझिन घट्ट करणारी अतिबारीक पूड), सपाटीकरणासाठी मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड), एक मिलिमीटर जाडीची मऊ तांब्याची तार, १ ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटा, नायट्राइल हातमोजे शंभर जोड, फोमचे रोलर, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि खाकी चिकटपट्टी. त्या चिकटपट्टीला इपॉक्सी धरत नाही, म्हणून जिथे चिकटायला नको तिथे ती आधी लावून ठेवायची.

आखणी आणि कापणी

आकार स्वतः काढू नका. अनुभवी आरेखकाचा आराखडा घ्या, त्यात प्रत्येक तुकड्याची मापं तक्त्यात दिलेली असतात. प्लायला हात लावण्याआधी त्याच मापांवरून १:१० प्रमाणात जाड पुठ्ठ्याची होडी कापून चिकटपट्टीने जोडा. एका संध्याकाळचं काम आहे. मापात चूक असेल तर ती पुठ्ठ्यात दिसते आणि कुठला तुकडा कुठे वाकतो हेही हाताला कळतं.

३.६ मीटरची होडी २.४४ मीटरच्या तक्त्यातून निघत नाही, म्हणून आधी तक्ते जोडायचे. चांगला जोड तिरक्या कापाचा. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर. तक्ते एकावर एक ठेवून प्रत्येक ४८ मिलिमीटर मागे सरकवा, पायऱ्यांसारखे, आणि सगळ्यांवरून एकदमच रंधा फिरवा. प्लायचे थर इथे फुकटचं मोजमाप देतात. थरांच्या रेषा सरळ आणि एकमेकींना समांतर दिसल्या तर उतार सपाट आहे. रेषा वळलेली असेल तिथे खड्डा किंवा फुगवटा आहे. दोन्ही उतारांना आधी नुसतं रेझिन लावा, लाकूड पिऊ द्या, मग सिलिकाने घट्ट केलेलं लावा. वर-खाली प्लास्टिक ठेवून वजन ठेवा, पण क्लॅम्प करकचून आवळू नका. सगळा डिंक पिळून बाहेर आला की कोरडा जोड उरतो आणि वाकवताना तो बरोबर तिथेच उघडतो.

जोडलेल्या तक्त्यावर मापांचे बिंदू घ्या, प्रत्येक बिंदूवर खिळा ठोका आणि एक लांब, बिनगाठीची लवचिक पट्टी खिळ्यांना टेकवून रेषा ओढा. पट्टी एखाद्या खिळ्यापाशी टोक काढत असेल तर ते माप चुकलंय, पट्टीचं ऐका. जिगसॉने रेषेच्या २ मिलिमीटर बाहेरून कापा. दोन्ही बाजूंचे तुकडे एकत्र धरून रंध्याने रेषेपर्यंत आणा, म्हणजे ते हुबेहूब जुळे निघतात. डावी-उजवी बाजू ३-४ मिलिमीटरने वेगळी झाली तर होडी पाण्यात एका अंगाला ओढते.

शिवण

कडेपासून ८ ते १० मिलिमीटर आत २ मिलिमीटरची भोकं पाडा. अंतर १५ सेंटिमीटर, आणि नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, जिथे प्लाय जास्त पिळतो तिथे, ७ ते ८ सेंटिमीटर. तारेचे २० सेंटिमीटरचे तुकडे करा आणि पीळ बाहेरच्या बाजूला येईल असे टाके घाला. सुरुवातीला सगळे टाके सैल ठेवा. सगळी होडी उभी राहिली की मगच नाळेकडून मागे येत थोडं थोडं आवळत जा. एकच टाका पूर्ण आवळून पुढे गेलात तर कड फाटते. प्लायच्या कडा टोकाला टोक टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. एक दुसरीवर चढली असेल तर तार सैल करून बोथट पटाशीने ढकला. मध्ये एखाद-दोन मिलिमीटरची फट राहिली तर चालते, पुट्टी ती भरून काढते.

आता पीळ तपासणं. या टप्प्यावर होडी ओल्या पुठ्ठ्यासारखी कशीही वळते, आणि एकदा पट्ट्या बसल्या की उभ्या जन्मात सरळ होत नाही. काठांवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, लांब उभे राहा आणि एक डोळा मिटून बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या तर ठीक, नाहीतर खालच्या आधाराला पाचर घालून पीळ काढा. मग नाळेच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून मापं घ्या. ५ मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. होडी मध्ये उघडू किंवा मिटू नये म्हणून काठाच्या रुंदीच्या मापाचा एक दांडा आडवा बसवा. ही तपासणी पुट्टी भरायच्या दिवशी सकाळी पुन्हा करा. आधारावर रात्रभर उभी राहिलेली होडी हलते.

रेझिन कालवण्याची शिस्त

इपॉक्सी वाळत नाही, त्याची रासायनिक प्रक्रिया होते. म्हणून प्रमाणात तडजोड नसते. डब्यावर लिहिलेलं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं हे आधी वाचा, कारण दोन्ही आकडे वेगळे असतात. आकारमानाने २:१ असलेलं रेझिन वजनाने साधारण १००:४५ च्या जवळ येतं. नेमका आकडा डब्यावरचा घ्या. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर उलट होतं, जास्तीचा हार्डनर मोकळाच राहतो आणि पृष्ठभाग मऊ, चिकट राहतो. वेग बदलायचा तर त्याच रेझिनचा मंद किंवा जलद हार्डनर घ्यायचा.

घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळा. कडा आणि तळ पट्टीने खरवडत राहा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी अर्धा मिनिट. कपाच्या भिंतीला चिकटलेलं न कालवलेलं रेझिन हेच कामावर दिसणाऱ्या चिकट ठिपक्यांचं नेहमीचं कारण असतं. म्हणून कप कधीही कामावर निपटून काढू नका.

दुसरा शत्रू उष्णता. प्रक्रिया स्वतःच उष्णता सोडते आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तिचा वेग अंदाजे दुप्पट होतो. खोल कपात ही उष्णता अडकते, रेझिन आणखी तापतं, आणखी वेगाने धावतं. शेवटी कप धुरकटतो आणि वितळतोसुद्धा. एका वेळी १५० ते २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये पसरा. तापू लागलेला कप बाहेर मोकळ्या जागी, न पेटणाऱ्या जमिनीवर नेऊन ठेवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

आणि कातडी. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू साठत येते आणि एकदा झाली की जन्मभर राहते. मोजे फाटले की लगेच बदला. अंगाला लागलं तर साबण आणि पाणी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हात पुसू नका, ते रेझिनला कातडीच्या आत घेऊन जातात. अर्धवट पिकलेल्या रेझिनची धूळ सगळ्यात वाईट, घासताना धुळीचा चांगला मास्क लावलाच पाहिजे.

आतले सांधे

आधी टाक्यांच्या मधल्या जागी पुट्टीचे छोटे ठिपके ठेवा, तारेला न लावता. दुसऱ्या दिवशी ठिपके कडक झाले की तारा कापून काढा. एखादी अडकली तर पक्कडीने धरून तिला सोल्डरिंग आयर्नचा शेक द्या, सैल होते.

पूर्ण पुट्टीसाठी कालवलेल्या रेझिनमध्ये आधी लाकडाचा भुगा, शेवटी थोडी सिलिका. पट्टीवर उचलून उलटं धरलं तर पडू नये आणि वरचं टोक उभंच राहावं, इतकी घट्ट. सैल पुट्टी रात्रीतून घसरून तळात साचते. कोनात भरून २० मिलिमीटर त्रिज्येची गोल टोकाची पट्टी एका ओढीत फिरवा. काटकोनात मीटरला ८५ मिलिलिटर पुट्टी लागते. सगळ्या सांध्यांना मिळून लिटरभर, बाकं धरून दीड. दोन्ही कडांना निघालेल्या ओघळ्या ताबडतोब उचला. आज पट्टीने निघणारी ओघळ उद्या अर्धा तास घासायला लावते.

पुट्टी बोटाला लागत नाही पण दाबली तर खळगा पडतो, अशी झाली की तिच्यावर पट्टी. फायबरची पट्टी प्लास्टिक अंथरलेल्या फळीवर आधीच भिजवून गुंडाळी करा आणि सांध्यात उलगडत जा. कोरडी पट्टी सांध्यात ठेवून ब्रशने भिजवायला गेलात तर धागे ब्रशबरोबर चालायला लागतात. दोन थर, दुसरा पहिल्यापेक्षा १५-२० मिलिमीटर सरकवून, म्हणजे कडेला एकदम उंच पायरी तयार होत नाही. वर पील प्लायची पट्टी, म्हणजे इपॉक्सी न धरणारं पातळ नायलॉनचं कापड, दाबून ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी ती सोलून काढली की कडा आपोआप बसलेल्या मिळतात आणि घासणं निम्म्यावर येतं. या एका गोष्टीवर कंजुषी करू नये. आतल्या तळावरही २०० ग्रॅमचं कापड टाका, पायांचा मार तिथे बसतो.

बाहेरून फायबर

होडी दोन घोड्यांवर (लाकडी तिवयांवर) पालथी घाला. उंची कमरेपर्यंत असावी, वाकून वाकून काम बिघडतं. बाहेरच्या सगळ्या कडा गोल करा, किमान ६ मिलिमीटर त्रिज्येच्या. काचेचा धागा तीक्ष्ण कोपरा वळत नाही. ताठ उभा राहतो आणि खाली हवेची नळी तयार होते. तारांची भोकं आणि खड्डे पुट्टीने भरा, ८० नंबरच्या कागदाने घासा, धूळ ओढून काढा.

मग लाकडावर नुसत्या रेझिनचा एक पातळ हात. कोरडा प्लाय रेझिन ओढून घेतो आणि कापड उपाशी राहतं, म्हणून. अनुभवी लोक हा हात वगळतात. पहिल्या होडीला वगळू नका. वेळ महत्त्वाची आहे: तापमान उतरत असताना, म्हणजे दुपार कलल्यावर लावा. सकाळी लावलं तर दिवस तापत जातो, लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून शेकडो बुडबुडे वर येतात. थेट उन्हात तर कधीच नाही. लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आत असावी आणि पावसाळी, दमट दिवशी हे काम काढू नये.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग मेणचट, तेलकट लागू शकतो. हे हार्डनरमधल्या अमाइनचं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी झालेलं संयुग. ते पाण्यात विरघळतं, म्हणून साधं पाणी आणि घासणी घेऊन धुवा, पुसा, वाळू द्या आणि मगच घासा. आधी घासलं तर ते सगळीकडे चोळलं जातं, कागद भरून जातो आणि पुढचा थर सुटतो.

आता कापड कोरडंच अंथरा. तळाचा तुकडा दोन्ही बाजूंवर ६ सेंटिमीटर उतरेल असा आणि बाजूंचे तुकडे तळावर ६ सेंटिमीटर चढतील असे. म्हणजे तळ-बाजूच्या कडेवर, जी किनाऱ्यावर सगळ्यात जास्त घासली जाते, आपोआप दुहेरी कापड येतं. सुरकुत्या मऊ ब्रशने मधून कडेकडे सारा. नाळेपाशी कापड दुमडत असेल तर कात्रीने चीर द्या आणि एकावर एक टाका.

दोघं जण हवेत: एकाने फक्त कालवायचं, दुसऱ्याने फक्त पसरायचं. तळ अडीच चौरस मीटर, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे १५५ ग्रॅमचे चार घाणे. पहिला घाणा मध्यावर ओता आणि प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने बाहेर न्या. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड दिसू लागतं. तीन-चार मिनिटं थांबा, कापडाला पिऊ द्या. नंतर पट्टी ४५ अंशात धरून जास्तीचं रेझिन ओढून पुढच्या कोरड्या भागावर न्या. बरोबर भिजलेलं कापड चमकत नाही: विण स्पष्ट दिसते, पृष्ठभाग एकसारखा, ओलसर आणि मंद असतो. चमकणारं डबकं म्हणजे कापड रेझिनवर तरंगतंय. पांढुरके ठिपके म्हणजे कोरडं किंवा हवा. उभ्या बाजूंना ओतायचं नाही, रोलरने लावायचं आणि दर दहा मिनिटांनी परत येऊन ओघळ बघायचे.

तीन-चार तासांनी रेझिन रबरासारखं होतं. लोंबणारं कापड कापायची हीच वेळ, धारदार सुरीने एका रेषेत निघतं. उद्यावर टाकलंत तर करवत घ्यावी लागेल.

विण बुजवणारे हातही त्याच दिवशी सुरू करा. नखाने दाबलं तर ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही, अशा अवस्थेत दुसरा थर पहिल्याशी रासायनिक बंध करतो आणि मध्ये घासावं लागत नाही. ही खिडकी चुकली की पुढचा थर धरण्यासाठी धुणं आणि ८० नंबरने घासणं आलंच. पातळ तीन हात, रोलरने. जाड एका हातात उरकायला गेलात की ओघळ येतात.

काय बिघडतं आणि कसं दुरुस्त करायचं

दोन दिवसांनीही चिकट: गार हवेत असेल तर गरम जागी आणखी दोन दिवस वाट पाहा. तरीही तसंच असेल तर प्रमाण चुकलंय. वरून हार्डनर फासून काही होत नाही आणि वर चांगला थर देऊन झाकणं तर त्याहून वाईट. सगळं खरवडून काढावं लागतं.

हवेचे फुगे नाण्याने ठोकून सापडतात, आवाज पोकळ येतो. छोटा फुगा असेल तर २ मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि एका भोकातून सिरिंजने रेझिन भरा, दुसऱ्यातून हवा निघते. तळहाताएवढा असेल तर तो भाग कापून काढा, भोवतालची कड उताराने घासून पातळ करा आणि चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं ठिगळ लावा. रेझिन मधूनच फाकून गोल डोळे पडत असतील तर खाली तेल, सिलिकॉन किंवा तो मेणचट थर राहिलाय. धुवा, घासा, पुन्हा लावा.

घासताना सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे कापडापर्यंत पोचणं. काचेचे चमकते धागे दिसले की थांबा. उंचवटे घासण्याऐवजी खड्डे मायक्रोबलूनच्या हलक्या पुट्टीने भरून मग सगळं सपाट करा. लांब फळीला कागद लावून तिरक्या ओढीने घासलं की लाटा जातात. हातातलं छोटं यंत्र लाटेवर लाटेसारखंच फिरतं. कडांवर यंत्र नकोच, तिथे कापड दोन फेऱ्यांत संपतं.

बाकं, हवेच्या पेट्या, रंग

काठाला बाहेरून २० × ४० मिलिमीटरची पट्टी बसवा, तोवर होडी काठाशी लेचीपेचीच राहते. बाकांखाली बंद पेट्या करा. एक लिटर बंद हवा सुमारे एक किलो वजन तरंगवते. पुढे-मागे ६०-६० लिटरच्या दोन पेट्या असतील तर पाण्याने भरलेली होडीही तरंगत राहते आणि तिला धरून राहता येतं. पेटीला फिरकीचं झाकण ठेवा आणि होडी किनाऱ्यावर असताना ते उघडं ठेवा. कायमच्या बंद पेटीत ओल कोंडते आणि प्लाय आतून सडतो. पेटीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही, तिथेही रेझिनचे दोन हात हवेतच. प्लायच्या कापलेल्या कडांना तीन हात, कड प्यायची थांबेपर्यंत.

स्क्रू थेट प्लायमध्ये बसवू नका. ५ मिलिमीटरच्या स्क्रूला १० मिलिमीटरचं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्यात स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि नंतर भुगा होतं. म्हणून रंग हा शोभेचा भाग नाही. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबा, धुवा, १२० आणि मग २२० नंबरने घासा, दोन घटकांचं इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. साधा तेली रंग इपॉक्सीवर कधी कधी दिवसचे दिवस ओला राहतो, तेव्हा आधी हातभर जागेवर लावून पाहा. लाकूड दिसू द्यायचं असेल तर अतिनील किरण अडवणारं व्हार्निश, पाच-सहा हात, आणि दरवर्षी एक नवा.

पाण्यात

नोंदणी आणि सुरक्षा जाकिटांचे नियम जागेप्रमाणे बदलतात, ते आधी पाहून ठेवा. पहिल्यांदा होडी गुडघाभर पाण्यात, रिकामी, अर्धा तास ठेवा. मग पेट्यांची झाकणं उघडून आत कोरड्या कापडाने पुसा. कापड ओलं झालं तर त्या पेटीचा सांधा शोधायचा. झाकण लावून त्यात हलकी हवा फुंका आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा, गळतीच्या जागी फेस फुगतो. त्यानंतर एक माणूस, मग दोन, आणि प्रत्येक वेळी काठ पाण्याच्या किती वर राहतो ते मोजून आतल्या बाजूला खूण करा. शांत पाण्यातही ३० सेंटिमीटरच्या खाली काठ जाऊ लागला की तेवढं वजन या होडीचं नाही.

तळावर खोल ओरखडा पडून लाकूड दिसलं तर त्या दिवशीच होडी बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत आठवडाभर वाळू द्या. ओल्या लाकडावर लावलेलं रेझिन आतली ओल कोंडून टाकतं.